अभिजात कादंबऱ्या ऐकायच्या आहेत, पण कुठून सुरुवात करू?

पन्नाशी ओलांडलेल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, म्हणून ओळख पटेल असे तपशील काढून त्याचा सारांश देते.

"दिवसभर स्क्रीनसमोर काम केल्यावर रात्री पुस्तकातला बारीक टाइप डोळ्यांना सोसत नाही. म्हणून मी ऑडिओबुकांकडे वळले. आयुष्यात राहून गेलेल्या थोर कादंबऱ्या आता तरी पुऱ्या कराव्यात असं ठरवलं, 'जगातल्या शंभर श्रेष्ठ कादंबऱ्या' अशी एक यादी मिळवली आणि वरून सुरुवात केली. टॉलस्टॉयची 'वॉर अँड पीस' इंग्रजीतून लावली, पण चार-पाच तासांनी कोण कुणाचा कोण हेच कळेना. मग फॉकनरची 'द साउंड अँड द फ्युरी' घेतली, ती पहिल्याच भागात सोडली. मधे विरंगुळा म्हणून 'श्यामची आई' ऐकली, ती आठवड्यात संपली. पण ती लहानपणी वाचलेली, शिवाय सोपी, ती काय मोजायची? मोठा भाऊ म्हणतो, 'ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे, ही पळवाट आहे.' मला ऐकायला वेळ मिळतो तो सकाळी चालताना, संध्याकाळी घरकाम करताना आणि रात्री झोपण्यापूर्वी. माझं लक्षच टिकत नाहीसं झालंय का? कोणत्या कादंबऱ्या ऐकू आणि कोणत्या क्रमाने?"

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून टाकली आहे आणि लगेच तिला कमी लेखलं आहे. 'श्यामची आई' तुमची आठवड्यात संपली. ती सोपी होती म्हणून संपली, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही.

त्या पुस्तकाची रचना आठवा. आश्रमातली मंडळी रात्री जमतात आणि श्याम त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. साने गुरुजींनी प्रकरणांना प्रकरणं न म्हणता 'रात्र' म्हटलं आहे, अशा बेचाळीस रात्री आहेत. म्हणजे त्या पुस्तकात बोलणारा आहे, समोर बसून ऐकणारे आहेत आणि एका बैठकीत मावेल एवढीच गोष्ट दर वेळी सांगितली जाते. तुम्ही इअरफोन लावून त्या मंडळींत जाऊन बसलात, इतकंच. लेखकाने ऐकणाऱ्याची जागा आधीच करून ठेवली होती.

आता फॉकनरकडे या. 1929 साली आलेल्या त्या कादंबरीचा पहिला भाग बेंजी नावाच्या मतिमंद माणसाच्या मनातून येतो. त्याच्या मनात काल, आज आणि तीस वर्षांपूर्वीचं सगळं एकाच पातळीवर आहे. एका वाक्यात तो वर्तमानात असतो, पुढच्यात बालपणी. छापील पुस्तकात ही उडी बऱ्याच ठिकाणी तिरप्या टाइपाने दाखवली आहे. फॉकनरची तर इच्छा होती की वेगवेगळे काळ वेगवेगळ्या रंगांच्या शाईत छापावेत. रंगीत शाई मागणारं पुस्तक तुम्ही चालता चालता, फक्त कानांनी समजून घ्यायला निघाला होतात. ते सुटलं यात तुमच्या लक्षाचा काही दोष नाही. ते डोळ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे. दोन्ही पुस्तकं थोर आहेत, पण एक कानावाटे आत येतं, दुसऱ्याला पान लागतं.

म्हणून निवड करताना 'ही किती श्रेष्ठ' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा आणि त्याआधी दुसरा विचारा: ही गोष्ट कोण सांगतंय, आणि कुणाला? या प्रश्नाला स्पष्ट उत्तर देणाऱ्या कादंबऱ्या साधारणपणे कानाला मानवतात. हा काही नियम नव्हे, अपवाद पुढे सांगतेच. पण शंभरांच्या यादीपेक्षा हा प्रश्न तुम्हाला जास्त उपयोगी पडेल, कारण यादी करणाऱ्याने तुमचे कान आणि तुमची संध्याकाळ डोळ्यासमोर ठेवलेली नसते.

पुढे जाण्याआधी तुमच्या भावाच्या म्हणण्याबद्दल बोलते, कारण ते वाक्य तुम्हाला लागलेलं दिसतं. गुपचूप एकट्याने वाचणं ही आज आपल्याला कादंबरीची एकमेव रीत वाटते, पण ती तशी कधीच नव्हती. 'डॉन किहोते'चा पहिला भाग 1605 सालचा. त्यात एक खानावळवाला सांगतो, की सुगीच्या दिवसांत कापणीला आलेली माणसं सुट्टीला त्याच्याकडे जमतात, त्यांतला वाचता येणारा एकजण पुस्तक हातात घेतो आणि तीसेक माणसं त्याच्याभोवती बसून ऐकतात. आधुनिक कादंबरीचा उगम मानल्या जाणाऱ्या पुस्तकातच कादंबरी ऐकणारी माणसं बसलेली आहेत. 1935 साली ब्रिटनमध्ये अंध वाचकांसाठी तबकड्यांवर बोलती पुस्तकं निघाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक त्या प्रयत्नांच्या मुळाशी होते. सुरुवातीच्या पुस्तकांत जोसेफ कॉनरॅडची 'टायफून' होती आणि एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत. त्या सैनिकांनी कॉनरॅड वाचला नाही, असं तुमचा भाऊ म्हणेल का? मला खात्री आहे, म्हणणार नाही.

पण त्याच्या बोलण्यात खऱ्याचा एक अंश आहे, तोही घ्या. वाचन आणि श्रवण यांची तुलना करणारे पुष्कळ अभ्यास एकत्र तपासणारं एक संशोधन 2022 साली प्रसिद्ध झालं. मजकूर समजण्यात दोहोंत एकूण फारसा फरक आढळला नाही. मात्र वाचणाऱ्याला आपला वेग स्वतः ठरवता आला, तिथे वाचणारे पुढे होते. याचा अर्थ लावायला संशोधक व्हायला नको. पानावर आपण नकळत थबकतो, दोन ओळी मागे जातो, नाव पुन्हा बघतो. आवाज मात्र थांबत नाही. तेव्हा ऐकताना थांबवायचं आणि मागे न्यायचं बटण मोकळेपणी वापरा. लक्ष उडालं की स्वतःवर चिडू नका, अर्धा मिनिट मागे जा. डोळेही भरकटतात, फक्त तिथे मागे जाणं इतकं सहज घडतं की आपल्या लक्षातच येत नाही.

आता कादंबऱ्या. मराठीपासून सुरुवात करते. तुमच्या पत्रात राहून गेलेल्या पुस्तकांची यादी जवळजवळ सगळी परदेशी आहे, याचं मला थोडं वाईट वाटलं. कान आपल्या भाषेत सगळ्यात तयार असतो. इंग्रजी वाचण्याचा सराव असला तरी तासन् तास इंग्रजी ऐकताना मन दुप्पट राबतं.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घ्या. 'करमणूक' या पत्रातून ती क्रमशः आली. यमू आपलं आयुष्य स्वतः सांगते, लहानपणापासून. घरातली बोलणी, टोमणे, भीती, नवऱ्याबरोबर चोरून शिकण्याचा आनंद, सगळं तिच्याच तोंडून. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची भाषा पानावर पाहिली की काही वाचक बिचकतात. तीच भाषा बाईच्या आवाजात ऐकली की जुनेपण मागे पडतं आणि समोर एक मुलगी बोलत राहते. लांबी मोठी आहे, पण हप्त्यांत लिहिलेली असल्यामुळे ती हप्त्यांत ऐकायलाही बरी पडते.

गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' अंबू वहिनी सांगते. गोनीदांच्या कादंबऱ्यांचं तर सांगायलाच नको. वीणा देव आणि त्यांच्या कुटुंबीयांनी त्यांची अभिवाचनं वर्षानुवर्षं केली आणि लोकांनी सभागृहांत बसून कादंबऱ्या ऐकल्या. या लेखकाचं वाक्यच बोलण्याच्या लयीचं आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' तरुण शिक्षक सांगतो. ती लहान आहे, वाक्यं आखूड आणि चित्रं स्वच्छ. कानांनी पहिली कादंबरी पुरी केल्याचं समाधान हवं असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. नेमाड्यांची 'कोसला' पांडुरंग सांगवीकर आपल्याशी थेट बोलत सांगतो. मधला डायरीचा तुटक भाग ऐकायला अवघड जाईल, बाकी पुस्तक वाहत नेतं.

बोलीतल्या कादंबऱ्यांबद्दल माझं मत ठाम आहे: त्या बोलीचा सराव नसेल तर आधी ऐकाव्यात, मग वाचाव्यात. उद्धव शेळक्यांची 'धग' घ्या. तिच्यातली वऱ्हाडी संभाषणं परक्या डोळ्यांना अडखळवतात. बोली अंगवळणी असलेल्या माणसाने ती म्हटली की अर्थ सुरातूनच पोचतो आणि नायिका कौतिकचं दुःख मधल्या शब्दांत अडकून राहत नाही. आनंद यादवांची 'गोतावळा' तशीच.

सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही बोलतात. खांडेकरांच्या 'ययाति'तही ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू मांडतात. अशा पुस्तकांत प्रत्येक पात्राला वेगळा आवाज दिला असेल तर ऐकण्यात पुस्तकाचा फायदाच होतो. एकाच आवाजात असेल तर भाग बदलताना नीट कान द्या. यांतली प्रत्येक कादंबरी तुमच्या ॲपवर असेलच असं नाही, म्हणून एकीवर अडून न बसता चार-पाच नावं हाताशी ठेवा.

बंगालीकडे जायचं असेल तर शरच्चंद्रांची 'श्रीकांत' आहे. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले आणि ते मराठी वाचकाला परके राहिले नाहीत. श्रीकांत स्वतः सांगतो, भटकतो, माणसं भेटतात आणि सुटतात. चार भाग आहेत, त्यामुळे दोन भागांच्या मधे थांबायला हरकत नाही.

जगातल्या कादंबऱ्यांत सांगणाऱ्याची जागा पक्की असलेली पुस्तकं भरपूर आहेत. मेरी शेलीची 'फ्रँकन्स्टाइन' 1818 सालची. एक खलाशी बहिणीला पत्रं लिहितो, त्यात फ्रँकन्स्टाइनची कहाणी, आणि तिच्या पोटात त्याने घडवलेल्या प्राण्याने स्वतः सांगितलेली कहाणी. आठ-नऊ तासांत ती संपते. तो प्राणी बोलू लागतो तिथे हातातलं काम बाजूला ठेवा आणि नुसतं ऐका. चित्रपटांनी त्याला मुका राक्षस करून टाकला आहे, पुस्तकात मात्र तो आपलं दुःख अतिशय नेटकं मांडतो. शार्लट ब्राँटीची 'जेन एअर' आणि डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' आणि 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या तिन्ही प्रथमपुरुषी आहेत, लहानपणापासून सुरू होतात, म्हणजे नवी माणसं एकेक करून आपल्या ओळखीची होतात. कान नावं अशीच लक्षात ठेवतो, ओळख झाल्यावर.

डिकन्सची गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्याच्या कादंबऱ्या मासिक किंवा साप्ताहिक हप्त्यांनी येत. शिवाय 1858 पासून जवळजवळ मरेपर्यंत त्याने स्वतः तिकीट लावून त्यांचे जाहीर वाचनाचे कार्यक्रम केले. त्याची पात्रं बोलण्याच्या लकबींवरून ओळखू येतात, आणि महिनाभराच्या खंडानंतर भेटणाऱ्या पात्राला अशी लकब लागतेच. तुम्ही दोन दिवसांनी पुस्तक पुन्हा लावता, तेव्हा तीच लकब तुमच्या कामी येते.

ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' डायऱ्या, पत्रं आणि तारांनी बनलेली आहे. गंमत म्हणजे तिच्यातला डॉक्टर सेवर्ड आपली डायरी लिहीत नाही, 1897 सालीच तो ती फोनोग्राफवर बोलून ठेवतो, आणि मग मीना ती ऐकून टाइप करते. अनेक आवाजांतलं ध्वनिमुद्रण मिळालं तर तेच घ्या. एक सावधगिरी: प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला कुणाची डायरी आणि कोणती तारीख ते सांगितलेलं असतं, ते निसटलं की पुढची पाच मिनिटं चाचपडण्यात जातात.

कॉनरॅडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' म्हणजे टेम्सवरच्या एका बोटीत बसून मार्लोने सोबत्यांना सांगितलेली कहाणी. अंधार इतका दाटतो की ऐकणाऱ्यांना तो दिसेनासा होतो, उरतो नुसता आवाज. चार-पाच तासांचं पुस्तक आहे, पण वाक्यं गुंतागुंतीची, म्हणून तुकडे लहान करा. आणि हिच्यानंतर चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' जरूर ऐका. कॉनरॅडने आफ्रिकेतली माणसं ज्या तऱ्हेने रंगवली त्यावर अचेबेने पुढे कडक टीका केली. 1958 च्या या कादंबरीत त्याने त्या माणसांना त्यांची भाषा, त्यांच्या म्हणी आणि त्यांचं गाव दिलं आहे. हिला 'मी' म्हणणारा निवेदक नाही, तरी ती सांगितल्यासारखी वाटते. म्हणूनच म्हटलं, नियम करू नका.

उलटा अपवाद 'वुदरिंग हाइट्स'चा. तिच्यात सांगणारी आहे, नेली डीन, आणि ऐकणारा पाहुणाही आहे. पण आईचं नाव कॅथरिन आणि मुलीचंही कॅथरिन, आडनावं लग्नांमुळे इकडची तिकडे होतात, आणि कानाला वंशावळ दिसत नाही. एका कागदावर दोन घरांची नावं लिहून घेतलीत तर मात्र ती विलक्षण आहे.

काही पुस्तकं कानांसाठी नाहीतच, असं मी सरळ सांगेन. लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'चा निवेदक एवढा गप्पिष्ट, पण त्यात पूर्ण काळं छापलेलं एक पान आहे, एक रंगीत नक्षीचं, एक वाचकासाठी कोरं सोडलेलं. ध्वनिमुद्रणात त्या पानांचं काय करणार? मराठीत किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' अशी तुकड्यातुकड्यांनी येते की आपण पान मागेपुढे करत राहतो. अशा पुस्तकांसाठी मोठ्या अक्षरांची छापील प्रत शोधा किंवा ई-बुकमध्ये अक्षरं वाढवून रोज चार पानं वाचा. डोळ्यांना तेवढं झेपेल असं वाटतं.

'वॉर अँड पीस' कायमची सोडू नका, पण आत्ता बाजूला ठेवा. ती सुरू होते एका मेजवानीत. एकामागून एक पाहुणे येतात, आणि आपल्याला कुणीच ओळखीचं नसतं. पुस्तकात पाचशेहून अधिक पात्रं आहेत. त्यात रशियन रीत अशी, की एकाच माणसाला नाव, वडिलांवरून आलेलं नाव, आडनाव आणि घरगुती लाडनाव यांतल्या कशानेही हाक मारतात. पानावर हे डोळ्यांना जमतं, कानाला प्रत्येक हाक म्हणजे नवा माणूस वाटतो. शिवाय ती साठेक तासांची आहे. रोज तास-दीड तास ऐकलंत तर दीड-दोन महिने लागतील, आणि तेवढा काळ एकाच पुस्तकासोबत राहायची इच्छा आधी तयार व्हायला हवी. ती झाली की बोल्कोन्स्की, रोस्तोव, बेझुखोव आणि कुरागिन ही चार घराणी एका कागदावर मांडून घ्या, मेजवानीचा भाग दोनदा ऐका आणि मग निघा. त्याआधी रशियन नावांची सवय व्हावी म्हणून दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' ऐकून पाहा. ती बहुतेक एकाच माणसाच्या डोक्याला चिकटून चालते, पात्रं आटोपशीर आहेत. रास्कोल्निकोव, रोदिओन रोमानोविच आणि रोद्या हा एकच इसम आहे एवढं लक्षात ठेवलंत की निम्मं काम झालं.

तुम्ही ऐकण्याच्या तीन वेळा सांगितल्या आहेत आणि तिन्ही वेळांना एकच पुस्तक लावता आहात असं दिसतं. माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

सकाळी चालताना डोकं ताजं असतं आणि पायांना विचार लागत नाही. नवी, जराशी कठीण कादंबरी या वेळेला द्या. मात्र रहदारीतून जायचं असेल तर एकच कान झाका.

घरकामाची वेळ फसवी असते. हातांचं काम चालेल, शब्दांचं नाही. घडी घालणं, पुसणं, आवरणं यांच्या जोडीला कादंबरी मजेत चालते. पण हिशेब, निरोपांना उत्तरं किंवा कुणाशी बोलणं मधे आलं की कादंबरीची वाक्यं तशीच निघून जातात, कारण दोन्ही कामांना भाषाच लागते. शिवाय या वेळी मधे हाका येतात. म्हणून इथे विस्तारलेली, सैल विणीची पुस्तकं ठेवा. मेल्व्हिलची 'मोबी डिक' मला या वेळेसाठी फार आवडते. एकशे पस्तीस प्रकरणं, त्यातली बरीच अगदी आखूड, आणि मधली कित्येक नुसती देवमाशांच्या जातींवर, हाडांवर, तेलावर. छापील पुस्तकात इथेच लोक हात टेकतात. ऐकताना मात्र ती माहिती एखाद्या वेड्या जाणकाराच्या बडबडीसारखी गोड लागते, आणि एखादं वाक्य निसटलं तरी काही अडत नाही. ह्यूगोच्या 'ले मिझराब्ल'मध्ये वॉटर्लूची लढाई आणि पॅरिसची गटारं अशीच सविस्तर येतात. ती साठेक तासांची आहे, पण कथेचा धागा एवढा जाड आहे की कुठेही सोडला तरी सापडतो.

रात्रीसाठी नवं काहीच नको. आपण झोपतो आणि पुस्तक चालत राहतं, मग दुसऱ्या दिवशी कुठे होतो ते शोधण्यात गोडी जाते. रात्री आधी वाचलेली, शेवट ठाऊक असलेली कादंबरी लावा आणि अर्ध्या तासाने आपोआप बंद होण्याची वेळ लावून ठेवा. म्हणजे 'श्यामची आई' मोजायची की नाही याचं उत्तर हे, की तिला तुमच्या दिवसात कायमची जागा आहे. लहानपणी तुम्ही श्यामच्या बाजूने ऐकलंत. आता आईच्या बाजूने ऐकू येईल, आणि तो अनुभव पहिल्या वाचनाहून हलका नाही.

क्रम विचारलात म्हणून तुमच्यापुरता देते. आधी 'बनगरवाडी', मग चालतानासाठी 'पण लक्षात कोण घेतो', तिच्यानंतर 'फ्रँकन्स्टाइन' आणि 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'. घरकामाच्या वेळी 'मोबी डिक' संथपणे चालू राहू दे. रशियन पुस्तकं त्याच्या पुढे. एखादी पहिल्या तासाभरात पकडली नाही तर बिनदिक्कत थांबा, पण सोडताना एका वहीत दोन शब्द लिहा: नावं गोंधळली, आवाज आवडला नाही, की गोष्टच नको वाटली? पहिल्या कारणाला कागद-पेन पुरतं, दुसऱ्याला वेगळं ध्वनिमुद्रण. तिसऱ्या कारणासाठी सोडलेल्या पुस्तकाचं ओझं बाळगू नका.

संक्षिप्त आवृत्ती घ्यावी का, हा प्रश्न बरेच वाचक विचारतात. आपल्या जाहीर वाचनांसाठी डिकन्सने स्वतःच आपली पुस्तकं कापून नव्याने बांधली होती, तेव्हा कापणं म्हणजे पाप नव्हे. पण ते त्याने केलं होतं. बाजारातल्या संक्षिप्त आवृत्त्यांत बहुधा घटना राहतात आणि सांगणाऱ्याचा स्वभाव गळतो. विकत घेताना 'संपूर्ण' लिहिलेलं आहे का ते बघा. अनुवादित पुस्तकाच्या बाबतीत अनुवादकाचं नावही बघा. फुकट मिळणारी रशियन ध्वनिमुद्रणं बहुधा कॉन्स्टन्स गार्नेटसारख्या जुन्या इंग्रजी अनुवादांची असतात. ते वाचनीय आहेत, पण भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे हे ठाऊक असलेलं बरं.

आणि आवाज. निवडीतला निम्मा वाटा मी त्याला देईन. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' 1813 च्या जानेवारीत छापून आली तेव्हा घरात ती मोठ्याने वाचली गेली. पुढच्याच महिन्यात बहिणीला लिहिलेल्या पत्रात तिने तक्रार केली, की आई फार भराभर वाचते, आणि पात्रं तिला नीट कळत असली तरी त्यांनी जसं बोलायला हवं तसं तिला बोलता येत नाही. लेखिकेलाही आपलं पुस्तक चुकीच्या आवाजात फिकं वाटलं, तर आपल्याला का वाटू नये? बाराएक तासांची ही कादंबरी संभाषणांवर उभी आहे, तिच्यातले टोमणे सुरात आहेत. वाचणाऱ्याला ते पकडता आले नाहीत तर उरते नुसती लग्नांची बोलणी. वेग वाढवून ऐकायचा मोह आवरा, निदान अशा पुस्तकांत तरी. विराम कापले की टोमणाही कापला जातो.

विकत घेण्यापूर्वी बहुतेक ॲपवर नमुना ऐकता येतो, पण तो सहसा सुरुवातीचा असतो आणि सुरुवात सगळेच नीट वाचतात. लिब्रिवॉक्स या संकेतस्थळावर 2005 पासून स्वयंसेवकांनी वाचलेली, हक्कमुक्त झालेली पुस्तकं आहेत. तिथे कोणतंही प्रकरण मोफत उघडता येतं. काही पुस्तकांत प्रकरणागणिक वाचणारा बदलतो, म्हणून एकाच आवाजातलं ध्वनिमुद्रण निवडा. मधलं, भांडणाचं किंवा वादाचं एखादं प्रकरण लावा. कोण बोलतंय हे नाव ऐकण्याआधीच ओळखू आलं, तर ते घ्या.